भैरवीनंतरची पहिली बस

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रोजचा खर्च लिहून ठेवायची सवय होती. सरकारी कचेरीत कारकुनी करणारी ती पिढी कचेरीतली शिस्त घरी आणत असे. ते गेल्यावर पत्र्याच्या ट्रंकेत हिशेबाच्या बत्तीस वह्या निघाल्या. १९५७ पासून १९८८ पर्यंत, वर्षाला एक. पहिल्या चार वह्यांची पानं खालच्या कडेने तपकिरी झालेली आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून मुठेचं पाणी नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात शिरलं, तेव्हा ही ट्रंक माळ्यावर होती. खालचं सगळं गेलं, ट्रंकेला फक्त ओल लागली. पाचवी वही, चालू वर्षाची, दादांच्या पिशवीत त्यांच्याबरोबर होती, म्हणून ती कोरडी आहे.

या वह्यांत दर वर्षी एका पानावर एक नोंद सापडते. १९५७ ची अशी आहे: 'सवाई गंधर्व पुण्यतिथी — दोघे.' खाली बारीक अक्षरात 'चहा', 'रॉकेल (दिवा)', 'सायकल स्टँड'. आकडे नव्या पैशांत, कारण ते नाणं त्याच वर्षी आलं होतं आणि दादांना त्याचं कौतुक होतं. एका वर्षी 'दिवा — दंड' अशीही नोंद आहे. पुण्यात तेव्हा रात्री दिव्याविना सायकल चालवली तर पोलीस अडवत. दिवा वाऱ्याने आत्ताच विझला, काच अजून गरम आहे, हात लावून बघा, हे त्यावरचं सर्वमान्य उत्तर. दादांनी दंड भरला याचा अर्थ काच गार होती.

संगीताच्या इतिहासाविषयी मी गेली तीसेक वर्षं लिहितो आहे. घराणी, बंदिशी, ध्वनिमुद्रिका, गुरुशिष्यांची भांडणं, सगळं झालं. पण गाणं ऐकायला आलेला माणूस घरून कसा आला आणि परत कसा गेला, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. विचारावंसं वाटलं ते युरोपातल्या महोत्सवांविषयी वाचताना. तिकडे हल्ली महोत्सवांच्या धुराची मोजदाद होते. त्या मोजदादींत बहुतेक वेळा एक गोष्ट सारखीच निघते: मंचावरचे दिवे, ध्वनियंत्रणा, जनरेटर यांपेक्षा श्रोत्यांच्या येण्याजाण्याचा वाटा मोठा असतो. म्हणून डेन्मार्कमधल्या रोस्किल्डेच्या महोत्सवासाठी त्या दिवसांपुरतं एक रेल्वे स्थानक चालू होतं; इंग्लंडात ग्लास्टनबरीला जाणाऱ्यांसाठी कॅसल कॅरी स्थानकापासून मैदानापर्यंत बस असतात; जर्मनीत कित्येक मैफलींचं तिकीट हेच त्या दिवशीचं बसचं आणि लोकलचं तिकीट असतं. या सगळ्याला नाव आहे 'शाश्वत प्रवास', आणि त्यावरच्या लेखनात एक शब्द वारंवार येतो: निवड. श्रोत्याने योग्य वाहनाची निवड करावी, त्याला त्यासाठी प्रवृत्त कसं करावं, वगैरे.

ते वाचताना मला दादांची सायकल आठवली. आजच्या मोजपट्टीने दादा आदर्श श्रोते होते. पण त्यांनी सायकल निवडली होती का? मग मी वह्या काढून बसलो, आणि ज्यांना ते दिवस आठवतात अशा जुन्या श्रोत्यांकडे जाऊन तोच एक प्रश्न विचारत सुटलो: घरी कसे जायचात?

आधी थोडं मागे जायला हवं, कारण ज्या गायकीच्या नावाने हा महोत्सव उभा राहिला ती गायकीच मुळी रेल्वेच्या रुळांवरून आपल्याकडे आली. किराणा घराण्याचा दक्षिणेकडचा नकाशा काढा: मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी, कुंदगोळ, गदग. रेल्वेचं वेळापत्रक वाचतोय असं वाटेल. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला स्थिरावले, आणि त्यांचा शेवटही रेल्वेच्याच फलाटावर झाला. २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना प्रकृती बिघडली म्हणून ते सिंगापेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर उतरले आणि तिथेच गेले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व. त्यांच्याकडे शिकायला गंगूबाई हनगल हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जात. अंतर वीसेक किलोमीटरचं. संध्याकाळी परत जाताना गुरूच्या घरी राहणारा कोवळा भीमसेन त्यांना स्थानकापर्यंत पोहोचवायला येई आणि वाटेत, आज काय शिकलात ते सांगा, म्हणून मागे लागे, अशी आठवण गंगूबाईंनी सांगून ठेवली आहे. गुरूच्या घरापासून स्थानकापर्यंतच्या त्या पायवाटेवर किती तालीम झाली असेल, कोण मोजणार!

भीमसेन तिथे पोहोचले तेही गाडीनेच, पण फार लांबचा वळसा घेऊन. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गदगहून घर सोडून ते गुरूच्या शोधात निघाले. तिकिटाला पैसे नव्हते. डब्यात गाणी म्हणायची, तिकीट तपासनीसही ऐकत बसायचा, आणि कधी नाही ऐकला तर उतरवून द्यायचा. अशा प्रवासात ते ग्वाल्हेर आणि पुढे थेट जालंधरला जाऊन थडकले. जालंधरचा हरिवल्लभ संगीत मेळा १८७५ पासूनचा. तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी त्यांना सांगितलं, गुरूसाठी इतक्या लांब कशाला आलास, तुझ्याच मुलखात सवाई गंधर्व आहेत. पुढे कीर्ती झाल्यावर याच गृहस्थांच्या सततच्या विमानप्रवासावरून पु. ल. देशपांड्यांनी त्यांना 'हवाई गंधर्व' म्हटलं. मोटार चालवण्याचा त्यांचा शौक तर सर्वश्रुत होता. कलाकाराला गावोगाव जावंच लागतं. त्याचा हिशेब वेगळा मांडायला हवा आणि तो माझा विषय नाही. मला समोर बसलेल्यांचं पाहायचं होतं.

सवाई गंधर्व १२ सप्टेंबर १९५२ ला पुण्यात वारले. दुसऱ्या वर्षी, १९५३ मध्ये, भीमसेनजींनी त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला; आर्य संगीत प्रसारक मंडळ ही त्यामागची संस्था. पुढे तो कडाक्याच्या डिसेंबरात स्थिरावला, मोठा झाला, आणि शनिवारची रात्र रविवारच्या सकाळपर्यंत जागवणं हे पुण्याच्या सांस्कृतिक पंचांगातलं एक व्रत झालं. शेवटी भीमसेनजी गात, आणि अगदी शेवटी सवाई गंधर्वांच्या स्वतःच्या आवाजातल्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लावली जाई. माणसं उभी राहून ती ऐकत. तोवर उजाडलेलं असे.

हे रात्रभर गाणं नेमकं कशामुळे? उत्तर सगळे देतात ते रागसमयाचं: मालकंस, दरबारी मध्यरात्रीनंतरचे, ललत, भटियार पहाटेचे. ते खरंच आहे. पण माझ्या प्रश्नाला जी उत्तरं मिळाली त्यांत एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा येत गेली. शेवटची बस चुकली की पहिल्या बसपर्यंत जायचं कुठे? खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काम केलेले एक गृहस्थ म्हणाले, रात्री दोनला उठून काय करणार, भैरवी ऐकायची आणि सायकलवरून थेट पहिल्या पाळीला जायचं. साताऱ्याकडून येणारे एक शिक्षक संध्याकाळच्या एस.टी.ने यायचे आणि उजाडल्यावर स्वारगेटहून परत. राहायचा खर्च नाही, कारण राहायचंच नाही. त्यांची धर्मशाळा म्हणजे मांडव. मागच्या बाजूला सतरंजीवर अंग टाकायचं, नको असलेल्या गायकाला झोपायचं आणि हव्या त्या गायकाला शेजाऱ्याने उठवायचं, असा करार असे. करार मोडल्याने तुटलेल्या मैत्र्याही मला ऐकायला मिळाल्या.

बायकांची बाजू मला आधी सुचलीच नव्हती; ती आईच्या वयाच्या एका बाईंनी दाखवली. त्या म्हणाल्या, दहाला किंवा बाराला संपलं असतं तर आम्हाला घरून कुणी पाठवलंच नसतं. अपरात्री रस्त्याने यायचं कसं? सकाळी संपायचं म्हणून आम्ही जायचो. उजेडात आलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. देवदर्शन करून आली की गाणं ऐकून, कळत नाही. वाड्यातल्या पाच-सहा बायका मिळून चालत जात, चालत येत, आणि आल्या आल्या चूल पेटवत. महोत्सव भरत असे तो पेठांतल्या शाळांच्या मैदानांवर. पुढे कित्येक वर्षं न्यू इंग्लिश स्कूलच्या रमणबागेत. सदाशिव, नारायण, शनिवार, कुठूनही दहा-पंधरा मिनिटांची चाल. दादांच्या वहीतल्या 'दोघे'मधली दुसरी व्यक्ती आई. ती या बायकांबरोबर चालत जाई आणि दादा कचेरीतून परस्पर सायकलने. दोघं एकत्र गेले असं मला वाटत होतं. ते खरं नव्हतं. पुरुषांच्या आणि बायकांच्या बाजू वेगळ्या, वाटाही वेगळ्या, हिशेब तेवढा एक.

तेव्हा सायकल म्हणजे पुणंच होतं. कारकून, विद्यार्थी, कामगार, प्राध्यापक, सगळे सायकलवर. तासावर सायकल भाड्याने देणारी दुकानं चौकाचौकात. पालिकेचा कर भरल्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे आणि डबलसीट बसणं हा गुन्हा होता. कर्वेनगरच्या सायकल संग्रहालयात गेलो होतो तेव्हा तिथले जुने दिवे पाहून, दादांनी दंड भरलेला दिवा यांपैकी कुठला असेल याचा विचार करत मी बराच वेळ उभा राहिलो. पण या सगळ्यात पर्यावरणाचा विचार कुणाच्या मनात नव्हता. सायकल परवडत होती, मैदान जवळ होतं आणि गाणं सकाळी संपत होतं. या तीन गोष्टींनी मिळून श्रोत्याचं वाहन ठरवलं होतं. वारीचा दाखला इथे पुष्कळ जण देतील. मी तो देत नाही. तिथे चालणं हेच साध्य आहे. दादांना चालण्याची किंवा सायकलची काही ओढ नव्हती. स्कूटर मिळाली असती तर त्यांनी त्याच दिवशी घेतली असती. बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबणाऱ्यांत तेही होते, हे वहीतल्या अनामत रकमेच्या नोंदीवरून दिसतं.

पुरानंतर शहर बदललं. नदीकाठच्या पेठांतले बेघर झालेले हजारो लोक गावाबाहेर वसवले गेले. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावं त्या काळातली. आम्हाला गोखलेनगरला जागा मिळाली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. मोकळी हवा, टेकडी, स्वतःचा नळ; आम्हा मुलांना पेठ सोडल्याचं अजिबात दुःख झालं नाही. दादांची सायकल आता चार-पाच किलोमीटर जाई, एवढाच फरक.

१९६३ ची नोंद: 'सवाई — एकटा.'

१९६४, 'एकटा'. १९६५, 'एकटा'. त्या वर्षी 'डायनॅमो' अशी खरेदी आहे, म्हणजे दंडाचा प्रश्न कायमचा मिटला. १९६८ ला स्टँडचा दर वाढला म्हणून कंसात उद्गारचिन्ह आहे. एका वर्षी पंक्चर. 'एकटा' हा शब्द मात्र १९७९ पर्यंत, ओळीने सतरा वर्षं. वाड्यातल्या त्या पाच-सहा बायका शहराच्या पाच-सहा कोपऱ्यांत गेल्या होत्या. सोबत नव्हती, चालण्याजोगं अंतर नव्हतं, डबलसीटला बंदी होती, आणि बंदी नसती तरी नऊवारीतली बाई कॅरिअरवर बसून गाण्याला निघाली आहे हे दृश्य आमच्या घरात कुणाला सुचलं नसतं. मला स्वतःला दादांनी एकदा सायकलच्या दांडीवर बसवून नेलं. पहाटे परत येताना फर्ग्युसन रस्त्यावरच्या झाडांखालचा तो गारठा आणि पाठीमागे दादांचं गुणगुणणं मला अजून आठवतं. हा प्रसंग मी आजवर दोन-तीन लेखांत मोठ्या प्रेमाने लिहिला आहे. पण दार उघडायला आई जागी होती आणि तिने पहिला प्रश्न केला होता, 'शेवटी काय म्हटलं?' हे मी एकाही लेखात लिहिलं नाही. वह्या पाहीपर्यंत त्या प्रश्नाचा अर्थच मला कळला नव्हता. आईला भीमसेनांच्या गाण्याची दादांपेक्षा जास्त जाण होती. तिने सतरा वर्षं ते गाणं दुसऱ्या दिवशी सकाळी, दादांच्या बेसूर तोंडून ऐकलं.

हीच सतरा वर्षं पुण्याच्या सायकलींच्या भराची. आजच्या हिशेबाने आमचं घर तेव्हा निर्धूर होतं.

१९८० ची नोंद: 'सवाई — तिघे. लूना, पेट्रोल.' माझ्या बहिणीला नोकरी लागली होती आणि पहिल्या वर्षाच्या बचतीतून तिने लूना घेतली होती. लूना बाजारात आली १९७२ मध्ये. किमतीने आवाक्यातली आणि सायकलसारखी पेडल असलेली. पुण्यातल्या मुलींना बापाच्या, भावाच्या सोयीशिवाय बाहेर पडायला शिकवलं ते आधी सायकलने आणि मग लूनाने, आणि यावर कुणीतरी स्वतंत्र प्रबंध लिहायला हवा. आई पाचवारी नेसून लूनावर मागे बसली. सेनापती बापट रस्त्याच्या चढावर दोघींच्या वजनाने इंजिन दमे, तेव्हा बहीण पेडल मारायची आणि आई मागून 'मी उतरू का?' म्हणायची. दादा सायकलवरून पुढे जाऊन वळणावर थांबत. टू-स्ट्रोकचं इंजिन, पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, मागे निळसर धुराची रेघ. ती गाडी प्रदूषण करणारी होती यात शंकाच नाही. त्या धुरावर बसून आई गाण्याला परत आली.

या दोन नोंदींमध्ये मी बराच काळ अडकून पडलो. दोन्हीकडे निवड कुणाची होती हे शोधताना मला प्रत्येक वेळी श्रोत्याच्या आधी दुसरंच कुणीतरी सापडत गेलं: मैदान कुठे, गाणं कधी संपतं, शेवटची बस कधी, घर कुठे वसवलं. ती उत्तरं आधी ठरतात, मग श्रोता खिशात हात घालून जे उरलं ते 'निवडतो'. जुनं पुणं सायकलवरून गाणं ऐकायला जाई, हे आम्ही पुणेकर फार अभिमानाने सांगतो. कोण येऊ शकत नव्हतं, हे त्या अभिमानात बसत नाही.

पुढचा मोठा बदल वाहनामुळे झाला नाही, कायद्यामुळे झाला. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. पुढे वर्षातले काही ठराविक दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची तरतूद झाली, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ बंदीही पक्की केली आणि ती सवलतही मान्य केली. नियमाला माझा विरोध नाही. मंडळांच्या भिंतींनी ज्यांची झोप उडते त्यांच्या बाजूनेच मी उभा राहीन. पण त्या नियमाने रात्रभराचं गाणं संपलं. मालकंस, दरबारी कसेबसे टिकले; पहाटेच्या रागांसाठी वेगळं निमित्त शोधावं लागलं. यावर पुष्कळ हळहळ छापून आली. श्रोत्यांच्या घरी जाण्याचं काय झालं, ते मात्र कुणी लिहिलं नाही.

रात्रभराच्या सत्रातून माणसं ओघळत जात. काही बाराला, काही तीनला, बहुतेक सकाळी. आता हजारो माणसं एकाच क्षणी, रात्री दहाला, उठू लागली. दहा ही पुण्यात फार अवघड वेळ आहे. बस विरळ झालेल्या असतात, रिक्षावाल्याला घरी जायचं असतं आणि तुमचं घर त्याच्या घराच्या दिशेला कधीच नसतं. साहजिकच स्वतःचं वाहन असेल तोच निर्धास्त बसणार. शिवाय आपल्याकडची रीत अशी की सर्वांत ज्येष्ठ कलाकार शेवटी. म्हणजे ज्याच्याकडे वाहन नाही तो बस गाठायला नऊ-सव्वानऊला उठतो, आणि ज्याच्यासाठी आला त्यालाच न ऐकता जातो. पूर्वी वाहन नसणारा माणूस शेवटपर्यंत थांबत असे. आता तोच आधी उठू लागला. रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत, माफी मागत, वाकून जाणारी ती म्हातारी माणसं गायकाला दिसत असतात. त्याला वाटत असेल, रंगत नाही म्हणून उठले.

२०१८ मध्ये पुण्यातल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांवर गेला आणि लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास असल्याने, माणसांपेक्षा वाहनं जास्त अशी बातमी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महोत्सव रमणबाग सोडून मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. जागा ऐसपैस आहे, आणि वाढत्या श्रोत्यांना पेठेत जागा उरली नव्हती हेही खरं. पण पेठेतला चालत येणारा श्रोता त्या दिवशी वाहनाचा श्रोता झाला. माझ्या ओळखीतल्या चार-पाच जुन्या श्रोत्यांनी तेव्हापासून जाणं सोडलं. विचारलं तर एकही जण अंतराचं नाव घेत नाही. 'आता पूर्वीसारखं गाणं राहिलं नाही' म्हणतात. मला वाटतं, गाण्यावर टाकलेल्या अशा पुष्कळ ठपक्यांमागे एखादा बसचा थांबा असतो.

तरुण श्रोत्यांची गोष्ट वेगळी दिसते, आणि ती उत्साहवर्धक आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या कार्यक्रमांसाठी पश्चिम रेल्वेने मुंबईहून अहमदाबादला खास गाड्या सोडल्या. त्याआधी नव्या मुंबईतल्या त्यांच्या कार्यक्रमांना माझा भाचेनातू लोकलने नेरूळला गेला आणि लोकलनेच परत आला. 'पर्यावरणाचा विचार केलास का?' असं मी मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, 'मामाआजोबा, पार्किंग कुठे मिळणार होतं?' दादांचंच उत्तर, साठ वर्षांनी.

राहता राहिलो आम्ही दोघं. मी आणि ही कोथरूडला राहतो. स्कूटर मी सत्तरीला विकली. रात्रीचे समोरून येणारे दिवे डोळ्यांना सोसत नव्हते. त्यानंतर दोन वर्षं सवाईला गेलो नाही आणि मीही लोकांना, आता पूर्वीसारखं गाणं राहिलं नाही, असंच सांगितलं. मग २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंतची मेट्रो सुरू झाली. वनाजला बसायचं, जिल्हा न्यायालयापाशी गाडी बदलायची, स्वारगेटला उतरायचं. त्या डिसेंबरात आम्ही असे गेलो. स्वारगेटहून मांडवापर्यंत रिक्षा केली, तिसरी थांबली. मेट्रो तेव्हा रात्री दहापर्यंतच होती. शेवटच्या कलाकाराचे तानपुरे जुळत असताना आम्ही उठलो. गुडघे ओलांडले, माफी मागितली, वाकून बाहेर आलो. गेटापाशी ही एकदा थांबली आणि म्हणाली, 'षड्ज तरी लागू दे.' लागला, आणि आम्ही निघालो.

दादांसारखी मीही आता वही ठेवतो. त्या दिवसाची नोंद: 'सवाई — दोघे. मेट्रो जाऊन-येऊन. रिक्षा एकदा. चहा. शेवटचं गाणं नाही.'

जानेवारी २०२५ मध्ये मेट्रोची वेळ वाढून रात्री अकरापर्यंत झाली. दहाला गाणं संपतं. मधल्या वेळात मुकुंदनगरहून स्वारगेट गाठायचं, जिने उतरायचे आणि गाडी धरायची. रिक्षा मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी आम्ही मंडळाच्या फाटकापासून घड्याळ लावून चालत निघालो. ही म्हणाली होती पंचवीस मिनिटं, मी म्हटलं होतं तीस. एकदा वाटेत बाकावर बसावं लागलं. अडतीस लागली.